चौसष्ट टक्के गोगलगाय

बाबांवर चोरीचा आळ आला तेव्हा ते गोगलगाईंना काकडी घालत होते.

आता मला सांगा, चोरी करणाऱ्या माणसाला निदान पळता तरी यायला हवं की नको? आमचे बाबा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात आणि घरी आले की मोरीमागच्या ओल्या भिंतीपाशी स्टूल टाकून बसतात. बसतात ते बसतातच. त्या भिंतीवर गोगलगाई राहतात. प्रत्येकीच्या शंखावर बाबांनी बारीक ब्रशने रंगाचा ठिपका दिलाय, म्हणजे कोण कुठे गेली ते कळतं. आणि कळलंय ते असं, की संध्याकाळी चरायला गेलेली गोगलगाय उजाडायच्या आत परत येते. परत म्हणजे कुठेतरी नाही, नेमकी आपल्याच जागेवर. त्याच विटेवर, त्याच खाचेत! तिला डोळ्यांनी धड दिसतही नाही. मला चष्मा लावून पलीकडच्या गल्लीतलं मैत्रिणीचं घर दुसऱ्यांदा सापडलं नव्हतं. शिवाय या एवढ्याशा जिवाच्या तोंडात हजारो दात असतात. हजारो! हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा असा आ वासला होता की माझेही सगळे मोजता आले असते.

तर या घरी परतणाऱ्या गोगलगाईंवर बाबांनी शोधनिबंध लिहिला. किती वर्षं लागली म्हणाल, तर मी बालवाडीतून नववीत आले तेवढी. तो त्यांनी एका नावाजलेल्या संशोधन-पत्रिकेकडे पाठवला, आणि काकडीच्या चकत्या मांडता मांडता फोनवर उत्तर आलं. बाबांनी ते वाचलं. मग चष्मा पुसून वाचलं. मग हातातली चकती गोगलगाईपुढे ठेवायच्या ऐवजी स्वतःच खाल्ली.

"काय झालं हो?" आईने आतून विचारलं.

"साम्य चौसष्ट टक्के," बाबा म्हणाले.

"चौसष्ट? अहो, मग पास झालात की!" आई शिकवणीचे वर्ग घेते. टक्के म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे निकालच येतो.

बाबांनी समजावून सांगितलं ते असं. पत्रिकेकडे आलेला प्रत्येक लेख आधी एका सॉफ्टवेअरमधून जातो. ते सॉफ्टवेअर जगात छापलेल्या लाखो लेखांशी त्याची वाक्यं ताडून बघतं, आणि किती टक्के मजकूर दुसऱ्याशी जुळतो ते सांगतं. दहाच्या आत असेल तर ठीक. चौसष्ट म्हणजे रंगेहाथ. आता बाबांनी खुलासा करायचा, समितीपुढे हजर व्हायचं, आणि समितीला पटलं नाही तर वाङ्मयचौर्य करणाऱ्यांच्या यादीत नाव. त्या यादीतल्या माणसाचं पुढे कुणी काही छापत नाही.

"पण मी कुणाचं काही घेतलेलं नाही," बाबा म्हणाले. हे ते आम्हाला नाही, गोगलगाईंना सांगत होते.

मला मात्र, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा त्या सॉफ्टवेअरचंच कौतुक वाटलं. लाखो लेख! आणि चहा गार व्हायच्या आत! आमच्या बाई शेजारी बसलेल्या दोघींचे निबंध सारखे आहेत हे तिसऱ्या चाचणीपर्यंत ओळखत नाहीत. दुसरं वाटलं ते हे, की या घराला आता माझी गरज आहे. गेल्याच महिन्यात मी अख्ख्या शाळेपुढे भाषण केलं होतं, आणि एकही वाक्य विसरले नव्हते. तेव्हापासून मला कुठलंही काम अशक्य वाटेनासं झालंय. मी जाहीर केलं, "बाबा, चौसष्टाचे दहा मी करून दाखवते."

बाबांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे मी विचारलं नाही. मोठी कामं अशीच सुरू होतात.

आमच्या इमारतीत बातमीला जिना चढावा लागत नाही, ती भिंतीतूनच झिरपते. थोड्याच वेळात समोरच्या काकू दारात. "सर आणि चोरी? अगं बाई, माझ्या पातेल्याचं झाकणसुद्धा धुऊन परत करणारा माणूस तो!" असं म्हणून त्यांनी लगेच सल्लाही दिला, "पण आता आळ आलाच आहे, तर कबूल करून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. वाद कशाला वाढवा?"

खालच्या मजल्यावरचे आजोबा हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "अर्ज करा."

"कशासाठी?" मी विचारलं.

"ते नंतर ठरवू. आधी अर्ज पडला पाहिजे."

खुलासा करायला पत्रिकेच्या संकेतस्थळावर जावं लागत होतं. तिथे पासवर्ड, मग दुसरा पासवर्ड, मग आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करायला वाहतुकीचे दिवे ओळखायचे. बाबांनी एक दिवा कमी ओळखला, तेव्हा संकेतस्थळाने त्यांच्या माणूसपणावरही शंका घेतली. एका दिवसात चोरही आणि यंत्रही! शेवटी मी आत शिरले, तर समोर प्रश्न: आपल्या चौर्याचे कारण निवडा. पर्याय तीन. चुकून. अजाणतेपणी. वेळेअभावी. 'केलंच नाही' असा पर्यायच नव्हता. खाली 'इतर' नावाची एक चौकट होती, पण ती इतकी लहान, की 'माझे वडील प्रामाणिक आहेत, लहानपणापासू' इथपर्यंत येऊन बंद पडली.

म्हणून मी शाळेच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या दादांकडे गेले. सगळ्या कॉलेजचे प्रबंध त्यांच्याकडे बांधायला येतात, त्यामुळे ज्ञान त्यांच्या दुकानातून वाहतच असतं. ते म्हणाले, "सोप्पंय. मशीन शब्द बघतं. शब्द फिरवायचे. अर्थाच्या नादी लागायचं नाही."

मी बसले. सकाळी बसले ती दुपारपर्यंत उठले नाही. 'गोगलगाय'चा केला 'शंखवाहक मंदगती जीव'. 'भिंत' झाली 'उभा पृष्ठभाग'. 'संध्याकाळी चरायला बाहेर पडते' याचं केलं 'सायंसमयी आहारार्थ बहिर्गमन करते'. काकडीने मला बराच वेळ छळलं. शेवटी ती 'हरित जलमय फळभाजी' झाली. काकू येता-जाता शब्द पुरवत होत्या. 'घर' या शब्दाला त्यांनी एकटीने सात शब्द सुचवले, त्यातला एक 'सासर' होता.

दादांच्या दुकानात तपासून पाहिलं, तर चक्क अकरा टक्के! वरचा एक टक्का कुठला म्हणून बघितलं, तर शेवटचं वाक्य लाल झालेलं. 'हा लेख पूर्णपणे माझा स्वतःचा असून कोठूनही घेतलेला नाही.' ते वाक्य हजारो लेखांतल्या वाक्यांशी शब्द न् शब्द जुळत होतं. दादा म्हणाले, "हे सगळेच कॉपी करतात."

मी विजयी मुद्रेने कागद बाबांपुढे ठेवले. त्यांनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं.

"हा कोण प्राणी आहे?" त्यांनी विचारलं.

"गोगलगाय."

"मला ओळखू आली नाही." बाबा कधी रागावत नाहीत, ते फक्त जास्त हळू बोलतात. "बाळ, चोराला वाक्यं बदलावी लागतात. मी माझीच वाक्यं का बदलू? आणि तू एवढं सगळं फिरवलंस, पण आधी लिहिलं काय होतं ते वाचलंस का एकदा तरी?"

आता हे मला लागलं. चांगलंच लागलं. दिवसभर ज्याच्यासाठी राबायचं त्यानेच असं विचारायचं! मी पाय आपटत खोलीत गेले आणि केवळ सूड म्हणून बाबांचा मूळ लेख पहिल्यापासून वाचायला घेतला.

आणि मग काय सांगू. वाटेत दुसऱ्या गोगलगाईची खाच रिकामी होती, चांगली सावलीतली, ओलावा असलेली. तरी पिवळ्या ठिपक्याची ती पुढे सरकत आपल्या भेगाळलेल्या खाचेपर्यंत गेली, असं बाबांनी लिहिलं होतं. बाबांनी वीट उलटी फिरवून बसवली, तेव्हा ती गोंधळली, थांबली, शिंगं आत घेतली, आणि मग स्वतःचीच चकचकीत वाट हुंगत पोचली. हे सगळं आमच्या मोरीमागे चाललं होतं! मी तिथे रोज पाय धुते! मला वाटायचं बाबा नुसते बसतात. ते नुसते बसलेले नव्हते. त्या भिंतीवर जे कुणी कधी पाहिलं नाही ते बाबा पाहत होते, आणि मी त्याला 'उभा पृष्ठभाग' केलं होतं.

मी पत्रिकेने पाठवलेला अहवाल उघडला. लाल वाक्यावर बोट ठेवलं की ते ज्याच्याशी जुळतं तो लेख समोर येतो. आला. एका बड्या प्राध्यापकांचा होता, शीर्षक होतं 'अरण्यातील राक्षसी गोगलगाय'. नेहमीच्या गोगलगाईच्या दुप्पट मोठी अशी नवीच जात त्यांना सापडली होती म्हणे. वाक्यं बाबांचीच, फक्त आमच्या भिंतीच्या जागी 'घनदाट अरण्य'. पुढे वाचते तर काय, त्या घनदाट अरण्यात गोगलगाई संध्याकाळी काकडीच्या चकत्या खायला जमत होत्या.

अरण्यात काकडी चिरून कोण ठेवतं?

खाली छायाचित्र होतं. काळपट, अंधुक. गोगलगाय, आणि आकार कळावा म्हणून शेजारी एक बोट. खाली ओळ: 'प्रमाणासाठी प्रौढ पुरुषाचा अंगठा.'

मी ते बोट बघितलं. मग माझा उजवा हात बघितला. मग किंचाळले.

इथे माझ्या करंगळीविषयी सांगणं भाग आहे. माझी उजवी करंगळी जन्मापासून वाकडी आहे. वरच्या पेरातून ती शेजारच्या बोटाकडे अशी झुकलेली असते, जशी काही त्याच्या कानात गुपित सांगतेय. वर्गात मला त्यावरून 'प्रश्नचिन्ह' म्हणतात. फोटो काढताना मी मूठ मिटते, आणि तासाला बाहेर जायची परवानगी मागायची झाली तर डावी करंगळी वर करते. भाषणाच्या दिवशीसुद्धा उजवा हात पाठीमागे होता. तीच करंगळी, छोटीशी, गुबगुबीत, एका राक्षसाच्या शेजारी टेकून छापील पानावर गुपित सांगत बसली होती.

आई धावत आली, बाबा स्टुलासकट आले. बाबांनी चित्र बघितलं आणि भिंतीला टेकले.

"मोजपट्टी सापडत नव्हती," ते म्हणाले. "तू शेजारी खेळत होतीस. म्हटलं, बाळ, बोट ठेव."

मग निघालं ते असं. मी बालवाडीत असताना बाबांनी या निरीक्षणांचा पहिला छोटा लेख एका दुसऱ्या पत्रिकेला पाठवला होता. ती पत्रिका आता बंद पडली आहे. छापायच्या आधी लेख एका परीक्षकाकडे जातो; कुणाकडे गेला ते लेखकाला कळत नाही. त्या परीक्षकाचा शेरा आला होता, 'लहान मुलाचे बोट हे मोजमापाचे साधन नव्हे. नामंजूर.' बाबांना ते पटलं. ते निमूटपणे मोजपट्टी घेऊन आले आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा बघत बसले, इतकी वर्षं; वाक्यं मात्र बरीचशी जुनीच राहिली. परीक्षकाने मात्र लेख घरी ठेवून घेतला असावा, आणि पुढे कधीतरी, हे बोट लहान मुलाचं आहे हे स्वतःच लिहिलेलं विसरून गेला असावा.

"म्हणजे गोगलगाय राक्षसी नाही," मी म्हटलं. "बोट मोठं समजले म्हणून गोगलगाय मोठी झाली!"

"अगं बाई," दारातून काकू म्हणाल्या. "म्हणजे तुझ्या करंगळीने राक्षस जन्माला घातला!"

मूळ छायाचित्र ज्या संगणकात होतं तो केव्हाच भंगारात गेला होता. हेडक्लार्क आजोबांनी विचारलं, पुरावा काय? मी हात पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून करंगळी नीट तपासली आणि म्हणाले, "मूळ प्रत आहे. साक्षांकित करून घ्या."

समितीच्या दिवशी बाबांनी लग्नातला कोट घातला आणि आईने तो ओढूनताणून बटणापर्यंत आणला. पत्रिकेचं कार्यालय म्हणजे एका लांब बोळाच्या टोकाला दोन खोल्या. जमिनीपासून छतापर्यंत लेखांचे गठ्ठे, पंख्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक दगड. इतकी माणसं इतकं काही शोधत बसलीत, हे बघून मी तर दारातच थबकले. शिपायाने विचारलं, "लेखक किती?"

"एक लेखक, एक पुरावा," मी म्हटलं.

आत संपादकबाई आणि आणखी दोन सदस्य. संपादकबाईंच्या डोळ्यांवर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा. त्यांनी बाबांना विचारलं, "सर, काय म्हणायचंय आपल्याला?"

बाबा उभे राहिले. "मी… म्हणजे गोगलगाय जी असते ती…" आणि थांबले. पिवळ्या ठिपक्यावाली वीट फिरवल्यावर जशी थांबली होती, अगदी तशीच त्यांनी शिंगं आत घेतली. मला ते बघवेना. मी ताडकन उठले आणि उजवी करंगळी सगळ्यांपुढे उंच केली.

"बाहेर पडून डावीकडे, बाळ," संपादकबाई प्रेमाने म्हणाल्या.

"नाही हो! हा पुरावा आहे!"

शाळेतलं भाषण याच्यापुढे काहीच नव्हतं. मी भिंत सांगितली, काकडी सांगितली, मोजपट्टी सांगितली. छायाचित्राच्या शेजारी हात ठेवला. दोन्ही सदस्य खुर्च्या सरकवून जवळ आले. संपादकबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवरच्या चष्म्यावर चढवला आणि बराच वेळ बघितलं. मग त्यांनी फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडे ते बडे प्राध्यापक.

"नमस्कार, नमस्कार! काय सेवा करू?" आवाज कसा, तुपात भिजवलेला.

"सर, आपल्या राक्षसी गोगलगाईशेजारचं बोट कुणाचं आहे?"

"माझंच. अंगठा आहे माझा. स्पष्ट लिहिलंय खाली."

"हो, वाचलं. मला एवढंच विचारायचं होतं," संपादकबाई म्हणाल्या, "आपल्या अंगठ्याला पेरं किती?"

खोलीतल्या प्रत्येकाने आपापल्या अंगठ्याकडे बघितलं. मीही. दोन! आजवर कधी मोजली नव्हती. बोटांना तीन, अंगठ्याला दोन. छायाचित्रातल्या बोटाला तीन पेरं होती, लहान पण टपोरी.

फोनच्या पलीकडे ते बहुतेक मोजत होते.

"मी… बघून कळवतो," तूप एकदम गोठलं.

"अंगठा आपल्यापाशीच आहे ना, सर?"

फोन बंद झाला. आणि जगातली सर्वांत मोठी गोगलगाय त्या क्षणी आकसत आकसत आमच्या मोरीमागच्या भिंतीवरच्या गोगलगाईएवढी झाली.

संपादकबाई बाबांकडे वळल्या. हसल्या नाहीत. "सर, आमचं सॉफ्टवेअर काय सारखं आहे ते सांगतं. ते आधी कुणाचं होतं, हे माणसांनी बघायचं असतं. आम्ही टक्के वाचले आणि लेख वाचला नाही. चूक आमची." प्राध्यापकांचा लेख मागे घ्यायला लावू, आणि यापुढे नामंजूर झालेल्या प्रत्येक लेखाची प्रत तारखेसकट जपून ठेवू, म्हणजे तो दुसऱ्याच्या नावाने उगवला तर तिथेच सापडेल, असंही त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "आणि खुलाशात चौथा पर्याय टाकाल?"

"कुठला?"

"हे माझंच आहे."

त्यांनी ते लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं!

बोळातून परतताना बाबा म्हणाले, "पेरं मोजायचं मला सुचलं नसतं." मग त्यांनी माझा उजवा हात धरला. लहानपणी धरायचे तसा, करंगळीलाच.

लेख स्वीकारला गेला. प्राध्यापकांचा लेख मागे घेतल्यावर बाबांच्या लेखाची नव्याने तपासणी झाली, साम्य तीन टक्के. आईने निकाल ऐकला आणि म्हणाली, "तीन? शाब्बास! सपशेल नापास!" काकूंनी सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी बातमी फोडली. हेडक्लार्क आजोबा अजून अर्ज घेऊन उभे आहेत. कशासाठी ते ठरायचंय. लेखासाठी नवं छायाचित्र हवं होतं. बाबांनी पिवळ्या ठिपक्यावालीशेजारी लोखंडी मोजपट्टी ठेवली, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि मग खाली घेतला.

"बाळ, बोट ठेव."

"पण मोजपट्टी आहे की."

"ती मोजायला. बोट आपलं असू दे."

गोगलगाय माझ्या करंगळीपाशी आली, थांबली, शिंगांनी तिला एकदा चाचपलं. हजारो दात, आणि स्पर्श कसा, जसा काही ओला श्वास. मग ती वळसा घालून आपल्या खाचेकडे निघून गेली.

परवा गणिताच्या तासाला मी उजवी करंगळी वर केली. सगळा वर्ग बघतोय असं बघून आणखी वर केली.

"जा," फळ्याकडेच तोंड करून बाई म्हणाल्या.

"जायचं नाहीये, बाई," मी म्हटलं. "नुसती बघा."